बाईंचं आंबवण

आमच्या सातपूरच्या कॉलनीत भिकनदादांना सगळे ‘जर्मन’ म्हणतात. माणूस मालेगावकडचा, बोलण्यात अजून ‘आहे’ऐवजी अहिराणीतलं ‘शे’ येतं. पण उमेदीची वर्षं गेली एका जर्मन कंपनीच्या गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरात. तिथल्या साहेबांच्या पत्नी हिल्डाबाई. त्यांनी दादांना राय नावाच्या धान्याचा काळा पाव शिकवला, गाठ मारून सोड्याच्या पाण्यातून काढलेले खारे प्रेत्झेल शिकवले. नाताळात सुक्यामेव्याचा श्टोलन नावाचा गोड पाव. त्यावर पिठीसाखर इतकी, की दादांच्या मिशा पांढऱ्या व्हायच्या.

काळा पाव पहिल्यांदा घेऊन आले तेव्हा आमचे हे म्हणाले, "भिकनराव, बांधकामातली वीट उरली वाटतं?"

"चावा तर खरं, साहेब. दात पडला तर माझा काढून देतो."

"अंडं नाही ना यात?" मी विचारलं.

"पीठ, पाणी, मीठ. आणि बाईंचं आंबवण. बस."

मी तूप आणि लसणाची चटणी लावून खाल्ला. आंबूस, पण जिभेवर रेंगाळणारा.

हे आंबवण म्हणजे आपल्या विरजणासारखं. थोडं वापरायचं, थोडं मागे ठेवायचं, त्याला रोज मूठभर पीठ-पाणी घालायचं. हिल्डाबाईंच्या आजीपासून चालत आलेलं. जर्मनीला परत जाताना त्यांनी अर्धं दादांच्या हवाली केलं. गेल्या वर्षी गेस्ट हाऊस बंद झालं, तशी आंबवणाची बरणी दादांच्या घरी आली.

श्रावणात बाईंच्या मुलीचा, आनेटचा फोन आला. आई गेली. आजारपणात तिकडच्या आंबवणाला बुरशी लागली, टाकावं लागलं. तुमचं आहे का अजून?

"जित्तं शे!" दादा एवढ्या मोठ्यानं ओरडले की मी पोथी मिटून गॅलरीत आले. नवरात्रात ती स्वतः न्यायला येणार होती. मग दादा रोज सकाळी बरणीचं झाकण उघडून मला बुडबुडे दाखवायचे. "बघा वहिनी, श्वास घेतंय."

भाद्रपद पौर्णिमेला ग्रहण आलं. दादा पुतणीच्या बारशाला मालेगावला गेले होते. त्यांच्या पत्नी सुलाबाई माझ्यासारख्याच देवभोळ्या. दुपारी वेध लागायच्या आधी आपण सगळ्या करतो तेच त्यांनी केलं. दुधावर, लोणच्यावर तुळशीचं पान ठेवलं; शिळं, आंबलेलं काढून टाकलं. बरणीतलं पीठ फसफसून वर आलेलं, वासही आंबट. बिघडलंच समजून ते शेवग्याच्या बुडाशी ओतलं आणि बरणी उकळत्या पाण्यानं लख्ख घासली.

दुसऱ्या दिवशी दादा आले. लख्ख बरणी बघितली. शेवग्याखाली उकिडवे बसून माती चाचपत राहिले. रात्रभर पाऊस झाला होता. हाताला नुसता चिखल.

मी दत्ताला साकडं घातलं. पण काय मागायचं तेच कळेना. शास्त्र चुकीचं म्हणवत नाही, आणि त्या माणसाकडे बघवत नाही.

दादांनी नवं आंबवण लावून बघितलं. वर आलं, पावही झाला. आमचे हे म्हणाले, "अहो, तस्साच आहे. तेच म्हणून द्या, कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना, साहेब," दादा म्हणाले.

आनेट आली ती काचेची छोटी बाटली घेऊनच. दादांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत खरं ते सांगितलं. ग्रहण सांगताना अडले. आमच्या मुलानं, श्रेयसनं मदत केली. पण चंद्रावर सावली पडली म्हणून आईचं पीठ का गेलं, हे त्यालाही सांगता येईना. मग आनेटनं खाली मान घालून दादांचा नवा पाव खाल्ला, "छान आहे" म्हणाली आणि बाटली रिकामीच पर्समध्ये परत ठेवली. सुलाबाईंनी तिची ओटी भरली. तिनं नारळ दोन्ही हातांनी धरला, कुठे ठेवावा ते तिला कळेना.

ती गेल्यावर सुलाबाई माझ्याकडे येऊन बसल्या. "ताई, त्यांनी शिवी बी नाय घातली. भाकरी वाढली तर मुकाट जेवतात. शिवी घातली असती तर बरं नाय का?" आणि मग, "मनं काय चुकनं, ताई? माझं काय चुकलं? तुम्ही काय केलं असतं?"

मीही तेच केलं असतं. ते बोलून त्यांना धीर येईल की आणखी खचतील, मला समजेना. मी त्यांचा हात धरला.