खिशातला लायटर

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गॅसचा लायटर कित्येक वर्षं माझ्याच खिशात असायचा. बायकोला स्किझोफ्रेनिया आहे, नसलेले आवाज ऐकू येतात. आजार नवा असताना एकदा तिच्या हातून गॅस उघडा राहिला. त्या दिवशी खिशात घातलेला लायटर मी परत ठेवलाच नाही. काडेपेटी घरात येऊ दिली नाही. कागलच्या कारखान्यात सोबतच्यांना कारण ठाऊक नव्हतं, ते लायटर बघून टिंगल करायचे, "पावणं, मशीनवर च्या ठेवताय काय?" दोन्ही वेळचं मीच रांधायचो, आणि बायकोला किती जपतो म्हणून भावकीत माझं कौतुक!

डॉक्टरांकडेही तसंच. "झोप लागते का?" ते तिला विचारायचे. "लागते की," मी सांगायचो. गोळ्या घ्यायच्या नि घरी. असल्या आजाराला बोलून काय होणार, अशी माझी पक्की समजूत.

यंदा आमच्या दवाखान्यात तिच्यासारख्यांसाठी गोळ्यांच्या जोडीला समुपदेशन सुरू झालं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "ताई, आत या. दादा, तुम्ही बाहेर थांबा."

"तिला बोलायला जमायचं न्हाई."

"मग आम्ही दोघी गप्प बसू की."

दार लागलं. मी बाहेरच्या बाकावर टेकलो. आणि मग तिचा आवाज! शब्द कळत नव्हते, पण ती थांबतच नव्हती. मला बाकावर बसवेना. शेजारच्या म्हातारीला म्हटलं, "मावशी, माझी बायको बोलतीया!"

"मग? मुकी हाय व्हय?"

थोड्या वेळानं मला आत बोलावलं. "काय बोललीस एवढं?" मी विचारलं.

"तुमच्या खिशाबद्दल."

माझा हात खिशावर गेला. मॅडम म्हणाल्या, "त्यांना स्वतःच्या हातचा चहा प्यायचाय. तुम्ही जवळ थांबा, पण करू द्या."

"आणि ते आवाज?"

"हायतच की," बायको म्हणाली. "ते पण म्हणत्यात, ह्यो माणूस च्या लई पांचट करतोय."

घरी आल्या आल्या तिनं ओट्यापाशी हात पुढं केला. माझा हात खिशातच अडकला.

"भ्या वाटतंय?"

"व्हय," मी पहिल्यांदाच खरं बोललो.

"मला पण. इथंच उभं ऱ्हावा."

मी लायटर दिला. एकदा हुकला. मग निळी ज्योत पेटली, आणि मी "पेटला!" म्हणून एवढ्यांदा ओरडलो, की शेजारच्या वहिनी धावत आल्या.

"काय न्हाई ओ," बायको पातेलं ठेवत म्हणाली. "च्या करतीया. बसा की."