ताईच्या पेशी अजून जेवतात

मंडळी, मी इथे फारसं लिहीत नाही. आज राहवलं नाही.

काल बायकोचं उत्तरकार्य झालं. आज मेहुणीने मला तिच्या प्रयोगशाळेत नेलं. बीजाशयाच्या कॅन्सरमुळे बायकोच्या पोटातून काढलेलं पाणी बायकोनेच जिवंतपणी संशोधनासाठी दिलं होतं. त्यातल्या कॅन्सरच्या पेशी तिथे वाढत आहेत.

सूक्ष्मदर्शकात अंधार होता, त्यात हिरव्या ठिपक्यांची कडी.

"दाजी, ही ताईची पेशी. हिच्या अंगावर फोलेट, म्हंजी एक व्हिटॅमिन, धरणारे रिसेप्टर लय हायत. त्यांच्या खोबणीत फोलेट बसलं की पेशी ते आत ओढती. फोलेटला चमकणारा रंग लावलाय, म्हणून दिसतंय."

बघता बघता ठिपके आत सरकले.

"म्हणजे जेवतेय?"

"व्हय की. आम्ही घालतोय तोवर."

शेवटी बायकोला पेजेचा चमचाही जात नव्हता.

मेहुणी हळूच म्हणाली, "दाजी, वाढवू का बंद करू? तुम्ही म्हणाल तसं."

याच पेशींनी तिला नेलं. आणि तिचं जिवंत असं एवढंच उरलंय.

"आजच्या दिवस घाल," म्हणालो आणि बाहेर आलो.

उद्या ती पुन्हा विचारेल. तुम्ही काय सांगितलं असतं?