दहा मीटरवरचा ठिपका

विद्यापीठाच्या मुलांच्या फुटबॉल संघाला पन्नास वर्षं होत होती, म्हणून संघाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. निकाल जुन्या रजिस्टरांत सापडले. करंडक मात्र एकदाच मिळालेला, तीस वर्षांपूर्वी, आणि तो सामना पाहिलेले दोघेच विद्यापीठात उरले होते. एक तेव्हाचे कप्तान, आताचे क्रीडा संचालक. दुसरे फक्कीमामा.

मैदानावर फक्कीने पांढऱ्या रेषा मारणं हे मामांचं काम. मैदानामागच्या एका खोलीत फक्कीची पोती, सुतळीची रिळं आणि त्यांची खाट. मुलगी लांबच्या गावी. तिथल्या उपकेंद्रात बदली मिळावी म्हणून त्यांनी सात अर्ज केले. सातही अर्ज संचालकांनी परत पाठवले. आता निवृत्तीला तीन महिने उरले होते.

"मामा, त्या पेनल्टीचं सांगा," मी म्हटलं. "चेंडू गोलीच्या बोटांना लागून आत गेला म्हणे."

"बिचाऱ्याला एक मीटर जास्त मिळता, तर अडवलाच असता." मामा उठून दार लोटून आले. "साहेब, त्या सकाळी टेप तुटली होती. पावलं टाकत मोजत होतो. मध्येच कोणी हाक मारली आणि आकडा विसरलो. ठिपका अकरा मीटरवर हवा, पडला दहावर. दुसऱ्या दिवशी नवी टेप लावली तेव्हा कळलं."

"कोणाला सांगितलंत?"

"कप्तानाला. सत्काराहून येत होता, गळ्यात हार तसाच होता. म्हणाला, 'मामा, ब्र काढायचा नाही. कुलगुरूंना सांगून तुम्हाला कायम करून घेतो.' घेतलंही. तेव्हापासून नजरेआड होऊ देत नाही. बदली मागितली की म्हणतो, 'तुमच्याइतकी सरळ रेष कोण मारणार?'"

"मग हे लिहू?"

"लिहा की. पण मी सुटल्यावर. तोवर तोंड दाबून बुक्क्यांचा मार."

मी एवढंच लिहिलं: पेनल्टीवर विजयी गोल.

संचालकांनी मसुदा वाचला, त्या ओळीपाशी थांबले. "मामा आणखी काही बोलले?"

"नाही," मी म्हटलं. जरा उशिराच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

पन्नाशीचा समारंभ मामांच्या निवृत्तीच्या दिवशीच होता; मुलगी त्यांना न्यायला आली होती. खोलीतली ट्रंक बांधून तयार होती. भाषण संपता संपता संचालकांनी मामांना मंचावर बोलावलं, हार घातला, खांद्यावर हात ठेवला.

"आणि एक आनंदाची बातमी. मामांना दोन वर्षांची मुदतवाढ! असा माणूस आम्ही सोडतो होय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मामांनी हात जोडले.

खाली आल्यावर मुलगी कुजबुजली, "बाबा, नको म्हणा ना. अजून वेळ गेली नाहीये."

"पेन्शनच्या कागदांवर सही त्यांचीच लागते गं. तू पुढे हो. ट्रंक राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावरून जात होतो. मामा त्या पेनल्टीच्याच गोलसमोर गुडघे टेकून बसले होते, हातात टेप.

"मामा, चुकलंच माझं," मी म्हटलं.

"अकरा," ते ठिपक्याकडे बघत म्हणाले. मग टेप गुंडाळून गोलरेषेपाशी गेले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.