राखेने घासलेली बरणी

शेवाळाचा ओला वास आला की मुलांनो, मला वेल्हे गावातल्या आमच्या घरातली ती काचेची बरणी आठवते. मी दहा वर्षांची होते. नदीतून आणलेले पाच मासे मी तिच्यात ठेवले होते, आणि रोज सकाळी त्यांना तांब्यात काढून मी बरणी राखेने घासायची, विहिरीचं ताजं पाणी भरायची. चार दिवसांत चार मेले. उरलेला एक पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होता. रडत रडत मी पुन्हा राख घेतली, तेवढ्यात दूध घालायला आलेल्या धनगर आजी ओरडल्या, "अगं ए, देवाची भांडी हाईत व्हय ती? असल्या चकचकीत पाण्यात मासं जगत न्हाईत. नदीतली बुळबुळीत दगडं आण, पाणी बी तिथलंच. आन मग हात लावू नगंस!" मी धावत जाऊन हिरवे दगड परकराच्या ओच्यात भरून आणले, कळशीभर पाणी आणलं, आणि दोन दिवस बरणीसमोर हात मागे बांधून बसले. पाणी गढूळ दिसे, मासा आडवा होई, माझे हात शिवशिवत. तिसऱ्या दिवशी तो दगडावरचं शेवाळ खाऊ लागला. "जगला गं!" आई म्हणाली. मला मात्र इतक्या वर्षांनीही ते चारच आठवतात. त्यांना माझ्या टापटिपीने मारलं.