पिवळी टोचनसाखळी

शाहूपुरीत बेअरिंग आणि नटबोल्टांच्या दुकानांच्या रांगेत संघप्रिया कांबळेचं दुकान आहे. तिथं दोरखंड मिळतात, पट्टे मिळतात, हूक मिळतात, पण दुकान ओळखलं जातं ते साखळ्यांसाठी. बंद पडलेली गाडी वढायची असो, नाहीतर शेतात रुतलेली उसाची ट्रॉली बाहेर काढायची असो, टोचन करायला साखळी लागते, आणि ती घ्यायला पन्हाळ्याकडची, कागलकडची माणसं तिच्याच दारात येतात.

दुकान मुळात तिच्या नवऱ्याचं, सम्राटचं. त्याला एसटीत ड्रायव्हरची नोकरी लागली तेव्हा दुकान बंद करायचं घरात घाटत होतं. संघप्रियाचं बी.ए. झालेलं होतं, शाळेत लागायची खटपट करून ती दमली होती. तीच म्हणाली, "बंद कशाला करायचं? मी बसते की."

पहिले काही महिने गिऱ्हाईक आत यायचं, तिच्या डोक्यावरून मागं बघायचं आणि विचारायचं, "मालक न्हाईत व्हय?"

"मालक मीच. बोला, काय पायजे?"

माणसं चाचरायची. मग हळूहळू सवय झाली, तिलाही आणि त्यांनाही. लोखंड तिला परकं नव्हतंच. तिचे वडील हातकणंगल्याहून रोज शिरोलीच्या फौंड्रीत जायचे, मोल्डर होते, वाळूचे साचे भरायचे. घरी आल्यावर हातपाय धुताना कुठला कास्ट, म्हणजे ओतीव भाग, का फुटला, कुठल्याला चीर गेली, हेच बोलणं. लहानपणी तिला त्याचा कंटाळा यायचा. दुकानात बसल्यावर तेच बोलणं कामाला आलं.

त्या वर्षी उसाचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या तोंडाला ऋतुराज नावाचा एक एजंट तिच्याकडं आला. त्याच्या गाडीत बाहेरच्या देशातून आलेल्या साखळ्या होत्या. पिवळ्याधमक, गुळगुळीत, मधूनमधून कडीवर ताकदीचा आकडा उठवलेला. दर नेहमीच्या साखळीच्या जवळपास निम्मा. संघप्रियानं एक साखळी हातात तोलली. वजन बरं वाटलं. पण पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं. तिनं विचारलं, "टेस्ट सर्टिफिकेट असेल ना याचं?"

"असतंय की ताई. मोबाईलवर टाकतो सांजच्याला."

सर्टिफिकेट काही आलं नाही. तिनं दोनदा आठवण केली, मग हंगामाच्या गडबडीत ते राहूनच गेलं. साखळ्या मात्र हां हां म्हणता खपायला लागल्या. एकानं तर साखळी गळ्यात घालून विचारलं, "सोनाराकडनं घडवून आणलीया काय ही?" सगळं दुकान हसलं. तीही हसली.

थंडी उतरायला लागली होती तेव्हा एक दिवस सकाळी कोडोलीचा ज्ञानू आणि त्याची बायको तानूबाई दुकानात आली. ज्ञानूचा स्वतःचा ट्रॅक्टर, ऊस वाहतुकीवर लावलेला. त्यानं पिशवीतून एक तुटलेली पिवळी कडी काढली आणि काउंटरवर ठेवली.  बोलली ती तानूबाई.

"वहिनी, ट्रॉली रुतलीती. दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी लावून वढाय लागले. मी हितं अशी बांधावर हुबी हुतो. ह्यास्नी पाणी पायजे म्हणून कळशीकडं गेलतो, तेवढ्यात फाटदिशी आवाज झाला. वळून बगतोय तर जिथं मी हुबी हुतो तितला निरगुडीचा फांदा तुटून पडलेला." तिनं हातानंच त्या फांदीची जाडी दाखवली. मनगटाएवढी. "नि साखळी त्येच्या पल्याड चिखलात रुतलेली."

संघप्रिया काउंटरमागून बाहेर आली. तिनं तानूबाईला खुर्ची दिली. 

"हिसका दिला होता काय, भाऊ?" संघप्रियानं ज्ञानूला विचारलं.

ज्ञानूनं मान डोलवली. "दिला हुता, खोटं कशाला सांगू? पर आजवर हिसक्यानं साखळी तुटल्याली बगितली न्हवती. लांबत्या. वाकत्या. ही काचंवानी गेली."

ती दोघं भरपाई मागायला आली नव्हती. ज्ञानूला दुसरी साखळी हवी होती, आणि तानूबाईला एवढंच सांगायचं होतं की असली आणखी कुणाला देऊ नका. ते ऐकून संघप्रियाला जास्तच लागलं. दोघं भांडली असती तर तिलाही चार शब्द बोलता आले असते.

ती दोघं गेल्यावर तिनं ऋतुराजला फोन लावला. तो म्हणाला, "ओव्हरलोड केलं असंल ताई. न्हायतर हिसका मारला असंल. मालाला कायबी झालेलं न्हाय." त्याचं बोलणं साफ खोटं होतं असंही नाही. हिसका बसलाच होता. खरं काय ते कळायला हवं होतं, आणि नुसतं कडीकडं बघून ते कळणार नव्हतं.

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या मालाची तपासणी करणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथं शिवानी नावाची इंजिनिअर होती, संघप्रियाच्या वडिलांना ओळखणारी. दुसऱ्या दिवशी दुकान अर्ध्यात बंद करून संघप्रिया तिकडं गेली. स्कूटरवर पायाजवळ तीन तुकडे होते: एक नेहमीच्या देशी साखळीचा, दोन पिवळ्या साखळीचे, वेगवेगळ्या पिशव्यांतले.

ताण देणारं मशीन माणसाच्या दुप्पट उंचीचं. शिवानीनं आधी देशी तुकडा अडकवला. मशीन सावकाश वढत गेलं. कड्या आधी ताठ झाल्या, मग लांबट, मग डोळ्यांना दिसेल इतक्या अरुंद. "बघा," शिवानी म्हणाली, "ही सांगतेय, की आता बास करा." बऱ्याच वेळानं ती तुटली.

पिवळ्या साखळीचा पहिला तुकडा कडीवर उठवलेल्या आकड्याच्या जवळपास टिकला. संघप्रियाला हायसं वाटलं. मग दुसरा लावला. निम्म्यापर्यंतही आकडा गेला नसेल, कडी जराही न लांबता खाडकन तुटली. जाळीपलीकडे तुकडा आपटल्याचा आवाज झाला आणि संघप्रिया मागं सरली. तिच्या डोळ्यांपुढं ती निरगुडीची फांदी उभी राहिली.

शिवानीनं तुटलेला भाग भिंगाखाली धरला. "वेल्डचा जोड पुरता भरलेलाच नाही. वरून मुलामा चढवलाय, त्यामुळं दिसत नाही. आणि बाकीचं पोलाद कडक करून ठेवलंय, म्हणून ते ताणलं जात नाही."

"पण पहिली टिकली की."

"तीच तर पंचाईत आहे. एकाच गाडीतला माल, पण कुठली कडी भरलेली नि कुठली पोकळ, ते त्यांनाही माहीत नसणार."

परत येताना पंचगंगेच्या पुलावर ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि संघप्रियाला स्कूटर हळू चालवावी लागली. प्रत्येक ट्रॉलीला काहीतरी लटकत होतं. ती बघत राहिली. सगळाच माल वाईट निघाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. लोकांनी पहिल्याच दिवशी फेकून दिला असता. आता ज्यांची साखळी आजवर टिकली त्यांना वाटणार, आपली चांगली आहे.

संध्याकाळी तिनं सम्राटला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "राहिलेला माल बाजूला काढ. विकलेल्याचं काय करणार तू? रोखीनं गेलेली गिऱ्हाइकं, नाव ना गाव."

"ट्रॅक्टर शेवटी जातात कुठं?" ती म्हणाली.

 सम्राट म्हणाला, "उद्या मला सुट्टी हाय. दुकानात मी बसतो."

साखर कारखान्याच्या केनयार्डात हंगामात ट्रॅक्टर ओळीनं उभे असतात, वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत. ड्रायव्हर बोनेटवर झोपलेले, कुणी भाकरी सोडून बसलेलं, कुठंतरी गाणी वाजत असलेली. त्यात साडी नेसलेली, खांद्याला पिशवी लावलेली बाई प्रत्येक ट्रॉलीच्या मागं जाऊन वाकून बघायला लागली, तेव्हा अर्थातच आरडाओरडा झाला.

"वो बाई, काय हरवलंय काय?"

"साखळी बघतेय. पिवळी साखळी हाय काय तुमच्याकडं? शाहूपुरीतनं घेतलेली?"

"हाय की. का, परत पायजे?"

"व्हय. परत द्या, दुसरी देते. देशी. टेम्पोत भरून आणल्यात. वर एक पैसा नको."

फुकटात भारी साखळी मिळतेय म्हटल्यावर काहींनी मुकाट्यानं दिली. काहींना यात काहीतरी काळंबेरं आहे असं वाटलं. तेवढ्यात अमरसिंह नावाचा एक आडदांड ट्रॅक्टरमालक पुढं आला. त्याच्या हातात पिवळी साखळी होती, चांगली वापरून मळलेली.

"दोन म्हयनं वढतोय हिच्यावर. भरल्याली डबल ट्रॉली भाईर काढल्या. हिला काय धाड भरलीया?" त्याचा आवाज यार्डभर गेला. "ताई, तुमाला कुनीतरी येडं बनीवलंय. मी न्हाय देणार."

"बरं," संघप्रिया म्हणाली. "देऊ नका. पण बघायला तर द्याल?"

तिनं ड्रायव्हरकडून चिंधीवर थोडं डिझेल घेतलं. ट्रॉलीवर नंबर टाकायचा खडू काट्यावरच्या माणसानं दिला. साखळीच्या कड्या तिनं आधी घासून स्वच्छ केल्या, जोडांवर डिझेल लावलं आणि तशीच राहू दिली. वडील फौंड्रीत कास्टाची चीर अशीच शोधायचे. अमरसिंह कमरेवर हात ठेवून उभा होता. भोवती माणसं जमली. थोड्या वेळानं तिनं कोरड्या फडक्यानं सगळं पुसून काढलं आणि वरून खडू घासला. कड्या पांढऱ्या झाल्या.

पहिल्या काही कड्या पांढऱ्याच राहिल्या. अमरसिंह हसला. मग एका कडीच्या जोडावर, पांढऱ्यावर, केसाएवढी काळसर रेघ हळूहळू उमटली. आत मुरलेलं डिझेल परत बाहेर येत होतं.

अमरसिंहनं कडी स्वतःच्या हातात घेतली. नख फिरवलं. पुसली, पुन्हा खडू घासला. रेघ पुन्हा आली. 

"काल माझा थोरला पोरगा हिच्याम्होरं हुबा ऱ्हाऊन हात दावत हुता मला," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "घ्या ताई. न्या ही."

मग बाकीचेही कड्या पुसायला लागले. संघप्रियाला ओरडून सांगावं लागलं, "रेघ दिसली न्हाय म्हंजे चांगली, असं समजू नका! आतली पोकळी ह्यानं दिसत न्हाय. पिवळी असली तर देऊनच टाका. आणि कुठलीबी साखळी लावा, मधोमध भिजलेलं पोतं टाका. तुटली तर उडणार न्हाय. जवळ कुणाला उभं करू नका."

त्या यार्डात आणि पुढं दुसऱ्या एका कारखान्यावर फिरून बहुतेक साखळ्या परत आल्या. सगळ्या नाही. ऋतुराज माल परत न्यायला तयार झाला, पण तो कागलच्या पलीकडं नेऊन तिथं विकेल अशी तिला शंका आली. ती म्हणाली, "न्यायचा तर भंगार म्हणून ने." त्यानं फोन ठेवून दिला. मग तिनं गॅसकटरवाल्याला बोलावून सगळ्या साखळ्यांचे वीतवीतभर तुकडे करून घेतले आणि भंगारात घातले. त्या हंगामात दुकानाला खोट आली. कटरच्या ठिणग्या उडत होत्या तेव्हा सम्राट शेजारी उभा राहून चहा पीत होता आणि म्हणाला, "तुझा बा असता तर खूश झाला असता बघ."

बाहेरचा माल तिनं सरसकट बंद केला नाही. पुढच्या हंगामात दुसऱ्या एका आयातदाराचा स्वस्त माल आला, बनवणाऱ्याच्या नावासकट. त्याचे वेगवेगळ्या पिशव्यांतले तुकडे तिनं शिवानीकडं नेले. सगळे टिकले, आणि तुटायच्या आधी चांगले लांबलेही. तो माल ती आजही विकते. तुकडा तोडून तपासल्याशिवाय मात्र कुठलाच माल फळीवर चढत नाही, आणि त्यापायी एजंट तिला वैतागले आहेत.

गेल्या महिन्यात ती माहेराहून येत होती. रस्त्याच्या कडेला एक ट्रॉली कलंडायच्या बेतात होती आणि दोन माणसं टोचन लावत होती. संघप्रियानं स्कूटर थांबवली, उतरली आणि जवळ गेली.

"काय वो बाई, काय बगतायसा?" एकानं विचारलं.

साखळी काळी होती, जुनी, देशी. तिनं कड्यांवरून नजर फिरवली, आणि पलीकडं उभ्या असलेल्या म्हातारीला हाताला धरून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला नेलं.

"काय न्हाय," ती म्हणाली. "वढा आता. सावकाश."