डाव्या कुशीवर

"ए बाई, डाव्या कुशीवर वळ."

सकाळपासून याडी वळत होती. आमच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. कापूस वेचताना तिला दम लागायचा, रात्र बसून काढायची, म्हणून महागाव तालुक्यातून मी तिला परजिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं होतं. त्या दिवशी तिथे डॉक्टर होणाऱ्या पोरांची परीक्षा होती. याडी त्यांची केस. हृदयाची झडप आकसली की छातीत जो आवाज येतो, तो डाव्या कुशीवर नीट ऐकू येतो. म्हणून एकेक पोरगा यायचा, छातीला नळी टेकवायचा, ऐकायचा, जायचा. पडदा अर्धाच ओढलेला. आडवं झालं की तिचा जीव घाबरायचा. उठून बसली की पुढचा हजर.

हे झडपेचं मला आज माहीत आहे. तेव्हा मी अकरावीत होते आणि आम्हाला कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

याडीने परीक्षेला आलेल्या एका मुलीला विचारलं, "पोरी, मले झालं तरी काय?"

ती म्हणाली, "सांगायची परवानगी नाही."

ज्याने ऐकलं त्याला मार्क. जिची छाती, तिला बंदी. माझं डोकंच फिरलं.

तेवढ्यात प्रोफेसर आले. शेजारच्या परीक्षकाला हसत म्हणाले, "अजून दोन दिवस परीक्षा आहे. ती होऊ दे, मग हिला ऑपरेशनला पुढे पाठवू. असा आवाज सहजासहजी मिळत नाही."

म्हणजे ऑपरेशन लागणार होतं. आणि ते परीक्षेसाठी थांबवलं होतं.

मी उठले. चादर याडीच्या गळ्यापर्यंत ओढली. पलंगासमोर उभी राहिले.

"आंधी तिले सांगा काय झालं ते. मंग हात लावा."

प्रोफेसरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे कळायला बारा वर्षं शिकावं लागतं. तांड्यावरच्या पोरीला मी काय सांगू?"

"मंग आमी चाललो."

याडीने माझा हात दाबला, गप बस म्हणून. मी बसले नाही. त्याच दुपारी तिला घेऊन दुसरा दवाखाना गाठला. तिथे नसेतून फुगा घालून तिची झडप उघडली. याडी जगली. त्याने माझा राग कमी झालेला नाही. त्या दोन दिवसांत ती गेली असती, तर त्यांनी दुसरी केस शोधली असती.

मग मी शिकले. एमबीबीएसची साडेपाच वर्षं. एमडीची तीन. आता हृदयाच्या शाखेचं, डीएमचं, शेवटचं वर्ष आहे. बारा वर्षांचं प्रोफेसरांनी खरंच सांगितलं होतं. पण सांगायला किती लागतं? "मावशी, हृदयात एक दार असतं. तुमचं आखडलंय. रक्त मागे तुंबतं, म्हणून दम लागतो." झालं. एवढंच होतं ते.

एमडीच्या परीक्षेत राळेगावकडची एक बाई माझी केस होती. तपासून झाल्यावर मी तिला तिचा आजार सांगितला.

परीक्षक खेकसले, "निदान आम्हाला सांगायचं. पेशंटला नाही."

मी म्हटलं, "सर, आजार तुमचा नाही."

पास केलं त्यांनी. कसंबसं. या सगळ्या वर्षांत एकाही परीक्षेत मला कोणी विचारलं नाही, की पेशंटला सांगितलंस का.

याडी म्हणते, "आता जाऊ दे वं बाई."

जाऊ देणार नाही. कधी ना कधी परीक्षकाच्या त्या खुर्चीत मी बसणार. पोरं येतील, हुशार, इस्त्रीच्या कोटातली. निदान अगदी अचूक सांगतील. मी ऐकून घेईन आणि पलंगावरच्या बाईला विचारीन, "तुम्हाला काय झालंय, यानं सांगितलं का?"

ती नाही म्हणाली, तर तो नापास. कोणाचाही पोरगा असो. नापास.