नळीवरचं चाक

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारी मुलगी. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही बी.एस्सी. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय...

मला थॅलेसेमिया आहे. अंगात रक्त टिकत नाही, म्हणून लहानपणापासून दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. गाव कुंभार पिंपळगाव. नोकरीमुळे आता जालन्यात, मस्तगडला खोली करून राहते.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी एकटीच दवाखान्यात गेले होते. डावा हात पट्टीला बांधलेला, त्यात सुई, खाटेभोवती पडदा. रक्त सुरू झालं आणि थोड्याच वेळात कंबरेत कळ आली, छाती आवळली.

“सिस्टर, आज बराबर वाटून न्हाई राह्यलं. थांबवा ना.”

“अहो ताई, आमच्यापेक्षा जास्त हजेरी तुमची इथं! आणि आज घाबरता? मोबाईल बघत पडा जरा.”

पडद्यापलीकडे चपलांचा आवाज लांब गेला. मग माझा घसाच बंद झाला. ओरडता येईना. रक्त थांबवायचं छोटं चाक नळीवर, पार डोक्याच्या वर — मोकळा हात तिथवर पोचेना. हे रक्त मला सोसत नाहीये हे कळत होतं, आणि ते थेंब थेंब येतच होतं...

तेवढ्यात ते चाक फिरायला लागलं. हळूहळू. कोणीतरी अंगठ्याने दाबून फिरवावं तसं. थेंब थांबला.

पडदा हललासुद्धा नव्हता.

जरा वेळाने सिस्टर आल्या. “बंद कशाला केलं? असा हात लावत जाऊ नका—” म्हणता म्हणता त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि डॉक्टरांना हाका मारत पळाल्या.

इंजेक्शनं झाली, मी सावरले. डॉक्टर म्हणाले, “रिअ‍ॅक्शन होती. वेळेवर बंद केलंस, शाब्बास.”

“सर, मी नाही केलं.”

त्यांनी सिस्टरकडे पाहिलं.

“मी तर बाहेर गेल्ते,” त्या म्हणाल्या.

चाक सैल आहे का तेही पाहिलं. चांगलं घट्ट होतं. घाबरल्यावर आपण काय केलं ते माणसाला आठवत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. असेलही... पण माझा हात पोचत नव्हता.

रात्री आईला फोनवर सांगितलं. ती मग म्हणाली, “मंग त्याला हात जोडलेस का न्हाई?”

“कोणाला?”

“आता ते मला काय माहीत?”

रक्त तर घ्यावंच लागतं, त्यातून सुटका नाही. आजही त्याच खाटेवर पडते. सिस्टर आता स्टूल ओढून शेजारी बसतात, “थांब म्हणलं की थांबवते,” असं आधीच सांगतात. त्यांचे उपकारच आहेत. पण त्या दुपारी माझं कोणी ऐकलं, ते मला अजून कळलेलं नाही.